आठशे चाळीस ग्रॅम

ऑने आली ती घरून ताणकाटा घेऊनच.
मासे तोलायचा, गंजका, आकड्यापाशी खवला चिकटलेला.
म्हणाली, तुमच्या चिठ्ठ्यांवर माझा विश्वास नाही.
बत्तीस वर्षं टपाल वाटलंय मी,
पाकिटावरचं वजन आणि पाठीवरचं वजन
यांची कधी गाठ पडलेली पाहिली नाही.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. कुसामोत
बर्चची पिवळी पानं संपत आलेली,
ब्लूबेरीची झुडपं जमिनीलगत लालभडक.
सकाळी गाडीची काच खरवडावी लागते,
दुपारी कोट काढून हातावर घ्यावा लागतो.
या दिवसांत माणसं हमखास चुकीची बॅग घेतात.
दुपार बघून घेतात,
आणि पहाटे तीनला मला शिव्या देतात.

मी एकेक स्लीपिंग बॅग काढत गेलो,
ती एकेक आकड्याला लटकवत गेली.
अकराशे दहा. नऊशे ऐंशी.
हंसाच्या पिसांची आठशे चाळीस:
दाबली की पावाएवढी,
सोडली की हळूहळू श्वास घेत उठणारी.
भिजली मात्र की संपलं, मी म्हणालो,
ओल्या कोंबडीइतकीच ऊब.
कृत्रिम धाग्याची भिजूनही कामाला येते,
पण चारशे ग्रॅम जास्त.
चारशे ग्रॅम म्हणजे माझं सगळं चीज आणि कॉफी, ती म्हणाली.
गुडघ्याच्या डॉक्टरने आठ किलोवर रेघ मारली होती.

मग तिने जुनी बॅग काउंटरवर ठेवली.
रायमोची. दोन किलो तीनशे.
पायाशी ठिणगीने पडलेलं भोक,
त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
आत धूर, पाइनचा डिंक
आणि एका माणसाचा वास.
ही आता उचलत नाही, म्हणाली.
एवढंच.

मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं,
वीस वर्षं टाकतो, गिऱ्हाइकं माना डोलावतात:
बॅग ऊब देत नाही हो,
तुमचीच ऊब तुम्हाला परत करते.
ऑनेने मान डोलावली नाही.
मग आधी माझ्याजवळ किती उरलीय
ते तोला, म्हणाली,
आणि ताणकाटा माझ्यापुढे धरला.
मी हसलो. ती हसली नाही. मग हसली.

चिठ्ठीवर तीन आकडे असतात.
पहिल्यात झोप लागते, उणे एक.
दुसऱ्यात रात्र सरते.
तिसरा लाल, त्याच्याबद्दल मी बोलत नाही.
कुणाच्या झोपेवरून ठरवतात हे?
कुणा सरासरी बाईच्या, मी म्हणालो.
कुठे राहते ती? ऑनेने विचारलं.

बूट काढून ती दुकानातच आडवी झाली,
तंबूच्या खुंट्या आणि रबरी बुटांच्या मधोमध,
टोपी ओढून, नाकापुरती उघडी.
गॅसचा डबा घ्यायला आलेला मुलगा
तिला नमस्कार करून ओलांडून गेला.
आतून आवाज आला: चेन कुठल्या बाजूला?
दोन्ही मिळतात. डावी आणि उजवी
एकमेकींना जोडता येतात,
मी म्हणालो, आणि जीभ चावली.
बराच वेळ बॅग नुसती वर-खाली होत राहिली.
उजवी द्या. त्याची डावी आहे.

काउंटरवर दोन्ही पसरून तिने जोडून पाहिल्या.
दात बसेनात. जुनी चेन पितळी, जाडजूड,
नवी प्लास्टिकची, बारीक.
तीनदा लावून पाहिली. चौथ्यांदा नाही.
पैसे दिले सुटे, मोजून.

ऑक्टोबरात आली काडेपेट्या घ्यायला.
नदीकाठी चार रात्री काढल्या, म्हणाली.
दोन अंश खोटं बोलते तुमची चिठ्ठी.
तिसऱ्या रात्री दोन वाजता उठून चीज खाल्लं,
बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घेतली,
झाकण नीट लागलं नव्हतं.
मग?
मग काय, सकाळपर्यंत पायाशी ओली कोंबडी.
आणि इतकी हसली
की काडेपेट्या मोजताना मी दोनदा चुकलो.

ती गेल्यावर शेल्फवरच्या उरलेल्या दोन बॅगांवर,
उणे एकच्या शेजारी,
मी पेन्सिलीने लिहिलं:
ऑने, वय त्रेसष्ट, अधिक एक.